जुन्या बाजारातली विंडशील्ड नक्की कुठल्या गाडीची? काच बघू नका, भोकं बघा

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मोटरसायकलची पुढची काच काखेत मारून येतं आणि विचारतं, दादा ही बसेल का माझ्या गाडीला. स्वस्तात मिळालेली असते, विकणाऱ्याने "हिमालयनची आहे" किंवा "सगळ्याला बसते" असं सांगितलेलं असतं, आणि घरी आणून लावायला गेलं की एक भोक जुळतं आणि तीन बोंबलतात. मग ती काच माळ्यावर. माझ्या माळ्यावर पण एक होती तिची गोष्ट खाली सांगतो, म्हणजे मी काही फार शहाणा आहे म्हणून लिहितोय असं नाही.

सगळ्यात मोठी चूक काय होते तर माणूस काचेचा आकार बघतो. उंच आहे, स्मोक कलर आहे, वर जरा वळलेली आहे, अरे हीच तर आपल्या गाडीची. आकारावरून काहीही कळत नाही राव. लोकल बनवणारे एकाच साच्यातली काच पाच गाड्यांसाठी वेगवेगळी भोकं पाडून विकतात, आणि उलट कंपनीवाले त्याच नावाच्या गाडीला तीन वर्षांनी वेगळी काच देतात. गाडीची ओळख भोकांमध्ये आणि पकडण्याच्या क्लॅम्पमध्ये असते.

म्हणून हातात काच आली की पहिलं बघा की ही गाडीला धरते कशी. साधारण तीन जाती आहेत. एक म्हणजे थेट डूमवर (हेडलाईटभोवतीचं कव्हर) किंवा फेअरिंगवर (गाडीचं पुढचं-बाजूचं प्लास्टिक) स्क्रूने बसणारी, आर१५, पल्सर २२०, करिझ्मा, डॉमिनार, ह्या सगळ्या ह्यात आल्या. हिला स्वतःचे क्लॅम्प वगैरे काही नसतात, कडेला चार-सहा भोकं असतात आणि खालची कड डूमच्या आकारात कापलेली असते. दुसरी जात हँडलला धरणारी, दोन किंवा चार दांड्या आणि टोकाला गोल क्लॅम्प, जुन्या पोलीस बुलेटवर असायची तसली मोठी उभी काच आठवा. तिसरी पुढच्या शॉकअपला किंवा हेडलाईटच्या ब्रॅकेटला धरणारी, ही जास्त करून क्रूझर टाइप गाड्यांना दिसते.

पहिल्या जातीची असेल तर ती बहुतेक एकाच मॉडेलची असते, जुगाड जवळजवळ होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या जातीची असेल तर मापात बसणाऱ्या कुठल्याही गाडीला लागू शकते, म्हणजे तिथे प्रश्न "कुणाची" हा नसून "किती एमएमची" हा असतो.

आता खुणा शोधा. काच ओल्या फडक्याने पुसा, उन्हात तिरकी धरा, आणि मागच्या बाजूची खालची कड बघा, म्हणजे जो भाग डूमच्या आत लपतो तो. कंपनीची काच असेल तर तिथे बारीक अक्षरात पार्ट नंबर उठवलेला असतो किंवा मटेरियलचा शिक्का असतो, दोन बाणांच्या टोकांमध्ये पीसी लिहिलं असेल तर पॉलीकार्बोनेट, पीएमएमए असेल तर अॅक्रिलिक. ह्या शिक्क्यावरून गाडी कळत नाही पण पुढे भोक पाडायची वेळ आली तर फार उपयोगी पडतो. लोकल मालावर बहुतेक वेळा काहीच नसतं, फार तर बनवणाऱ्याचं स्टिकर. एकदम कोरी असेल तर लोकल समजा आणि थेट मापांकडे वळा.

नंबर सापडला तर तो नुसता नेटवर टाकून सोडू नका, वाचायला शिका, कारण काही कंपन्यांच्या नंबरमध्येच गाडी लपलेली असते. होंडाच्या नंबरात पहिले पाच आकडे पार्ट कुठला ते सांगतात आणि मधली तीन अक्षरं मॉडेल, म्हणजे मधे एमसीए दिसलं तर ती गोल्डविंग १८०० ची. यामाहाचं उलटं, तिथे सुरुवातीची तीन अक्षरंच मॉडेलची असतात. जीवी ह्या इटालियन कंपनीच्या काचा आपल्याकडे पण टूरिंगवाल्यांकडे दिसतात, त्यांच्या चार आकडी नंबरात पहिले दोन आकडे कंपनीचे, ११ म्हणजे होंडा, २१ यामाहा, ३१ सुझुकी, ४१ कावासाकी, ५१ बीएमडब्ल्यू. हे एकदा माहीत झालं की ढिगाऱ्यात उभं राहून अर्ध्या मिनिटात कळतं की ही आपल्या कामाची नाही.

माझा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्याने तिकडे कोणाच्या तरी गराजच्या सेलमध्ये हार्लेची काच घेतली आणि मला फोटो पाठवला की बघ कुठल्या सालची. मला हार्लेतलं काय कळतंय, पण नंबर होता पाच आकडे, डॅश, दोन आकडे. हार्लेच्या जुन्या नंबरात डॅशनंतरचे दोन आकडे म्हणजे तो पार्ट पहिल्यांदा ज्या साली आला ते साल. लक्षात घ्या, आला ते साल, काच बनली ते नाही, तोच पार्ट पुढे दहा वर्षं पण चालू असू शकतो. २०११ च्या आसपासपासून त्यांनी आठ आकडी नंबर चालू केले, त्यात ही सोय गेली.

नंबर नसेल तर मापं. मजा सगळी इथेच आहे आणि चुका पण इथेच होतात.

भोकांमधलं अंतर मोजताना लोक टेप काचेवर चिकटवून वळणावरून मोजतात. ते चुकीचं. काच गोलाईत आहे, गाडीवरची भोकं मात्र समोरासमोर सरळ अंतरावर आहेत. एका काचेचं मी दोन्ही पद्धतीने मोजलं, वळणावरून २३२ एमएम आलं आणि सरळ पट्टी धरून २१४. अठरा एमएमचा फरक, म्हणजे पूर्ण वेगळी गाडी झाली की. तर सरळ स्टीलची पट्टी किंवा ताणून धरलेली टेप वापरा आणि भोकाचा मध्य अंदाजाने धरत बसू नका, एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत मोजा, भोकं सारख्या मापाची असतील तर तेच मध्य ते मध्य अंतर येतं. वरच्या जोडीचं, खालच्या जोडीचं, आणि वर-खाली किती, अशी तीन मापं कागदावर लिहा. चौथं माप गोलाईचं. काच टेबलावर पालथी ठेवा, म्हणजे दोन्ही कडा टेबलाला टेकलेल्या आणि मधला भाग वर, आणि मधली उंची मोजा. भोकांची अंतरं जुळून गोलाई जुळत नसेल तर स्क्रू लागतील पण काच ताणाखाली राहील, आणि ताणाखालची काच एखाद्या खड्ड्यात भोकापासून तडकते. हे मी तीनदा बघितलंय, तिन्ही वेळा तडा भोकातूनच निघाला.

जुनी काच थोडी उघडलेली असू शकते हे पण धरा. ढिगाऱ्यात खाली दबून उन्हात पडलेली असेल तर कडा फाकतात, म्हणून दोन-चार एमएमचा फरक आला तर लगेच नाही म्हणू नका. पण पंधरा-वीस एमएम असेल तर ती ओढून बसवायची नाही.

भोकाची साइज पण बोलते. साध्या ५ एमएमच्या स्क्रूसाठी भोक सहा-सात एमएमचं असतं. भोक दहाच्या आसपास असेल तर त्यात रबराचा नट बसत होता, तो जो स्क्रू आवळला की मागून फुगतो आणि धरतो तो. ही पद्धत फेअरिंगवाल्या गाड्यांची. लांबट भोक म्हणजे स्लॉट असेल तर काच वर-खाली करता येणारी आहे, आणि एकाखाली एक अशा दोन जोड्या असतील तर दोन उंचींवर लावता येणारी असू शकते. २०२० ला आलेल्या केटीएम ३९० अॅडव्हेंचरची काच अशीच दोन पोझिशनची. आणि कडेला वेडंवाकडं, खरबरीत काठाचं, बाकीच्यांशी कुठल्याच रेषेत नसलेलं भोक दिसलं तर ते आधीच्या मालकाने घरी पाडलेलं आहे, ते मापात धरू नका, ह्याच एका भोकाने माझा एक मित्र आठवडाभर फिरला.

आता एक गंमत, जी मला फार उशिरा कळली. काचेवर आधीच्या गाडीची सावली असते. जिथे डूम किंवा रबर टेकलेलं होतं तिथे काच नवी दिसते आणि बाकीची उन्हाने पिवळट किंवा बारीक ओरखड्यांनी भरलेली. त्या दोन रंगांच्या मधली रेघ म्हणजे आधीच्या गाडीच्या डूमची कड. बटर पेपर किंवा जुना पेपर ठेवून ती रेघ उतरवून घ्या, कापा, आणि तो कागद आपल्या गाडीच्या डूमवर धरून बघा. ह्यासारखी टेस्ट नाही. विकणारा पण आडवं बोलत नाही कारण काच न्यायची नसते, कागद न्यायचा असतो. सोबत खालच्या काठावर केबल घासल्याची खूण, क्लॅम्पच्या रबराचा काळा डाग, मधोमध अर्धगोल कापलेला भाग, हे पण बघा. मधला अर्धगोल साधारण सात इंची गोल हेडलाईटवर बसत असेल, म्हणजे १७८ एमएम, तर ती गोल लाईटच्या गाडीची, मग डॉमिनार, ड्यूक वगैरे लगेच बाद.

स्टिकरचा गोंद काढायला पेट्रोल किंवा थिनर लावू नका हे मधेच सांगून ठेवतो. दोन्ही प्रकारच्या काचेवर त्याने जाळीसारखे बारीक तडे पडतात. खोबरेल तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी नखाने निघतं. अमोनियावाला काचेचा स्प्रे पण नको, साबणाचं पाणी पुरतं.

"सेम गाडी आहे" ह्या वाक्यावर कधीच विश्वास ठेवू नका. शेजारच्या मुलाने आर१५ साठी आर१५ चीच काच आणली आणि बसली नाही, बिचारा रडकुंडीला आला होता. अरे पण आर१५ चार आहेत, २००८ ची पहिली, २०११ ची व्ही२, २०१८ ची व्ही३, २०२१ ची व्ही४, व्ही३ पासून तर चेहरे वेगळे, फेअरिंग वेगळं. त्याची गाडी व्ही३ आणि काच व्ही२ ची. करिझ्माचं तसंच, २००३ ची करिझ्मा आणि २००९ ची झेडएमआर ह्यांचा पुढून काही संबंध नाही. हिमालयन ४११ २०१६ ला आली, २०२१ च्या अपडेटमध्ये तिची काच बदलली, आणि २०२३ च्या शेवटी आलेली ४५० तर पूर्ण वेगळी गाडी आहे. एक्सपल्स २०० ४व्ही ची काच २०२३ ला उंच झाली. ३९० अॅडव्हेंचर २०२५ ला नवीन चेहऱ्याने आली, जुनीची काच तिला विसरा. म्हणून विकणाऱ्याला गाडीचं नाव विचारू नका, साल विचारा, आणि साल सांगता आलं नाही तर तो अंदाज सांगतोय असं धरा. उलट कधीकधी नाव वेगळं पण चेहरा एकच असतो, डॉमिनार ४०० आणि २५०, किंवा २०२० च्याच ३९० आणि २५० अॅडव्हेंचर, तिथे मात्र एकाची काच दुसऱ्यावर बिनधास्त ट्राय करा.

आता क्लॅम्पवाल्या काचा आणि माझी माळ्यावरची.

माझ्याकडे थंडरबर्ड ३५० आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला मोठी उभी काच दिसली, जाड, एकही तडा नाही, दोन्ही दांड्या आणि हँडलचे क्लॅम्प सकट, ७०० सांगितले ४५० ला दिली. घरी येऊन लावली तर क्लॅम्प जरा सैल वाटले. मी काय केलं, सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून हँडलवर दोन वेढे मारले आणि आवळलं. गल्लीत एक नंबर. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला निघालो, कात्रज सोडून हायवेला लागलो, ऐंशीला गेलो आणि काच हळूहळू माझ्याकडे झुकायला लागली, जशी एखादी म्हातारी आजी झोपेत मान टाकते तशी, आणि शेवटी मीटरवर येऊन टेकली. वारा बसला की एवढ्या मोठ्या काचेवर जोर किती येतो ह्याचा मी विचारच केला नव्हता. गाडी बाजूला घेतली, काच काढून मागच्या सीटवर दोरीने बांधली आणि तसाच साताऱ्याला गेलो. लोक बघत होते.

परत आल्यावर शांतपणे क्लॅम्पचं माप घेतलं तर आतून २५.४ एमएम, म्हणजे एक इंची. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचं हँडल, एनफिल्ड धरून, २२ एमएमचं. एक इंची हँडल हार्ले आणि बाहेरच्या बऱ्याच क्रूझरना असतं. म्हणजे ती काच बोलत होती, मीच ऐकत नव्हतो.

व्हर्नियर (जाडी मोजायचा कॅलिपर) नसेल तर दोरा घ्या. हँडलला एक वेढा मारा, खूण करा, सरळ करून मोजा. ६.९ सेंटिमीटर आलं तर २२ एमएम, ८ आलं तर एक इंची, ९ आलं तर २८ वाला, म्हणजे मधे जाड आणि मुठीकडे बारीक होत जाणारं हँडल. त्या जाड हँडलवर मुठीजवळ २२ च असतं त्यामुळे जिथे क्लॅम्प बसणार नेमकं तिथेच मोजा, कुठेही नाही. शॉकअपला पण हीच दोऱ्याची पद्धत, ११ सेंटिमीटर म्हणजे ३५ एमएम, १२.९ म्हणजे ४१, थंडरबर्ड, मीटिओर, हिमालयन ४११, इंटरसेप्टर सगळ्या ४१ च्या. क्लॅम्प असेल तर त्याच्या आतल्या गोलाईत कागदाची पट्टी फिरवून तीच लांबी मोजा, आत रबर असेल तर रबरासकट.

उलट्या शॉकअपवाल्या गाड्यांत इथे हमखास फसायला होतं. २०१९ पासूनची डॉमिनार ४०० किंवा ड्यूक ३९०, कागदावर ४३ एमएम लिहिलेलं असतं, म्हणून माणूस ४३ चा क्लॅम्प शोधतो. पण ते ४३ खालच्या बारीक चकचकीत नळीचं माप आहे, जी वर-खाली होते. काच लागणार वरच्या जाड नळीला, तिचं माप त्याहून बरंच जास्त. त्यामुळे स्पेसिफिकेशनमधला आकडा वाचून क्लॅम्प घेऊ नका, दोरा लावा. ज्या गाड्यांना शॉकअपवर वरून पत्र्याचं कव्हर असतं तिथे पण तसंच, आणि कव्हरवर क्लॅम्प आवळला तर पत्रा चेपतो, काच तरीही हलतेच.

रबर एका बाजूला दीड-दोन एमएमपर्यंत फरक असेल तर चालतं, पण पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानात जाऊन त्या मापाचं नीट रबर घ्या, ट्यूबचे वेढे नकोत, ते उन्हात मऊ होतात आणि फिरतात. त्याहून जास्त फरक असेल तर क्लॅम्पच बदला. म्हणूनच जुनी काच घेताना दांड्या आणि क्लॅम्प सोबत आहेत का हे आधी बघा. नुसती काच १०० रुपयात मिळाली म्हणून खूश होतात आणि मग ब्रॅकेट शोधताना हजार जातात.

काच जुळली, लागली, आता निघायच्या आधी उभ्या गाडीवर हँडल दोन्ही बाजूला पूर्ण फिरवा. काच टाकीला लागते का, क्लच-ॲक्सिलेटरची केबल ताणते का, हँडल फिरवल्यावर गाडीची रेस आपोआप वाढते का बघा, वाढत असेल तर केबल दबतेय, तशी गाडी काढूच नका. रात्री भिंतीसमोर लाईट लावून काचेची किंवा दांडीची सावली पडत नाही ना बघा. गाडीवर बसा, काचेची वरची कड नाकाच्या किंवा हनुवटीच्या रेषेत असली पाहिजे, तुम्हाला काचेच्या वरून रस्ता दिसला पाहिजे, काचेतून नाही, कारण जुन्या ओरखडेवाल्या काचेतून समोरच्या गाडीचा अपर आला की अख्खी काच पांढरी होते आणि काहीही दिसत नाही. स्क्रूला नायलॉनचा वॉशर लावा आणि हाताने घट्ट झाल्यावर थोडंच आवळा, एलन की हातात आली म्हणून जोर दाखवायचा नाही.

नवीन भोक पाडायची वेळ आलीच तर मटेरियलचा शिक्का आठवा. पॉलीकार्बोनेट सहन करतं. अॅक्रिलिक धोकेबाज, ड्रिल खाली उतरताना पलीकडून टवका उडतो. मागे लाकडाची फळी लावा, वरून मास्किंग टेप, ड्रिल हळू, आधी बारीक बिट मग मोठा, आणि काठापासून निदान दीड सेंटिमीटर आत. तडा आधीच गेला असेल तर तड्याच्या टोकाला ३ एमएमचं गोल भोक पाडलं की तो पुढे पळायचा थांबतो, पण तेवढ्यावर हायवेला जाऊ नका.

आणि एवढं करूनही कळलं नाही आणि कोणाला विचारायचं असेल तर नुसता समोरून फोटो काढून "ही कुठली" विचारू नका, त्यावरून कोणालाच सांगता येत नाही. मागच्या बाजूचा फोटो, पट्टी भोकांवर सरळ धरून, खालच्या कडेचा जवळून, आणि क्लॅम्पच्या आतल्या बाजूचा, असे चार टाका.

माझी ती काच शेवटी ओळखीच्या एका हार्लेवाल्याने नेली. दोरा लावला, ८ सेंटिमीटर भरलं, दहा मिनिटात बसली. ४०० दिले त्याने. पन्नास रुपये गेले ते गेले, वर दोन वडापाव मीच खायला घातले.